शिवेबाहेरचा गाडा : कॉलऱ्यावरची काही पुस्तकं वाचताना

मोडशी हा शब्द आता म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच उरला आहे. जड खाणं बाधलं, ढाळ-उलट्या सुरू झाल्या, की 'मोडशी झाली' म्हणायचे. या घरगुती शब्दाचा प्रवास मात्र मोठा आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी तो उचलला आणि काही तासांत माणूस संपवणाऱ्या ढाळ-उलट्यांच्या आजाराला ते 'मोर्देशिम' म्हणू लागले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या आजाराचं वर्णन केलं आहे. पुढे हा शब्द फ्रेंचांच्या कानावर पडला. त्यांनी त्याचं 'मोर द शियँ' केलं. फ्रेंचमध्ये याचा अर्थ कुत्र्याचं मरण. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात ही सगळी कथा वाचायला मिळते. पोटाच्या तक्रारीचं साधं नाव दोन भाषांच्या वेशी ओलांडून गेलं आणि जाता जाता मरणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या पंगतीला बसवून गेलं.

मराठीत या आजाराला पटकी म्हटलं, जरीमरी म्हटलं, महामारी म्हटलं. आज वर्तमानपत्रात 'गॅस्ट्रोची साथ' असते. कॉलरा हा शब्द सहसा कुणी लिहीत नाही. तो लिहिला की जबाबदारी येते. आपणच असे आहोत असंही नाही. अनेक देशांची सरकारं 'तीव्र जुलाब' असं लिहून वेळ निभावतात.

गावात पटकी आली की पूर्वी मरीआईचा गाडा काढत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हळदकुंकू, लिंबाचा पाला, नैवेद्य. पोतराजाच्या मागून वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा, पलीकडे सोडायचा आणि मागे वळून न बघता परत यायचं. पलीकडच्या गावाने काय करायचं? त्याने तो आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचा. माझी आजी हे सांगताना हसायची. "शेवटच्या गावाचं काय होत असेल गं?" असं मी विचारलं की मात्र ती विषय बदलायची.

कॉलरा कसा पसरतो, विशेषतः ज्यांना पाणी, निवारा आणि दवाखाना यांतलं काहीच धड मिळत नाही अशा लोकांत तो कसा पसरतो, यावरचं लेखन गेली काही वर्षं मी वाचतो आहे. मी वैद्यकाचा माणूस नाही. पुस्तकांचा वाचक म्हणून वाचतो. वाचताना हा गाडा वारंवार आठवतो. १८६५ साली मक्केच्या यात्रेतून कॉलरा युरोपात पोचला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आरोग्य परिषदेने रोगाचं माहेर हिंदुस्थान आणि वाहक यात्रेकरू, असं ठरवून टाकलं. यात तथ्य होतंच. गंगेचं खोरं हे या जंतूचं जुनं घर आहे आणि यात्रेत माणसं, मैला आणि पाणी एकत्र येतात. पण त्यानंतर पंढरपूर काय, हरिद्वार काय, सरकारी कागदात वारकरी आधी संशयित झाला आणि नंतर, जमलं तर, रोगी. त्याला काय प्यायला मिळालं, हा प्रश्न बराच मागे पडला.

या लेखनाकडे मी एकाच कसोटीने बघतो. ज्यांना रोग झाला त्यांना अभ्यासक साक्षीदार मानतो की संशयित? ही कसोटी मला कुठून मिळाली, ते सांगायला हवं, कारण या गाड्याला माझाही हात लागलेला आहे.

कॉलेजात असताना आमचं एक शिबिर साखर कारखान्याच्या परिसरात होतं. हंगाम चालू होता. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पाटाच्या कडेला उभ्या होत्या. उसाच्या पाचटाच्या कोप्या, आत शिरायचं तर वाकावं लागे. तिथे ढाळ-उलट्यांची साथ आली. दोन मुलं आणि एक म्हातारा गेला. आम्हा विद्यार्थ्यांना फॉर्म देऊन घरोघर, म्हणजे कोपी-कोपी, पाठवलं. शेवटचा रकाना होता 'संभाव्य कारण'. गावातली मंडळी आम्हाला आधीच सांगून मोकळी झाली होती की हे दुखणं बीडकडच्या लोकांनी आणलं. मी जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर 'अस्वच्छ सवयी' असं लिहिलं. अक्षर चांगलं होतं माझं. एका कोपीतली बाई, जिचा मुलगा त्या दोघांपैकी एक होता, म्हणाली, "भाऊ, आमी आलो तवा चांगले व्हतो. हितलं पानी प्यालो आन् चौथ्या दिशी पोरगं गेलं. वरल्या अंगाला बघून या." वरल्या अंगाला काय होतं ते बघायला मी गेलो नाही. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी जॉन स्नोचं पुस्तक हाती आलं तेव्हा ती बाई आठवली. स्नोची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. लंडन, १८५४, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, नकाशावर काढलेल्या मरणांच्या काळ्या रेघा, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. स्टीव्हन जॉन्सनच्या 'द घोस्ट मॅप' (२००६) या रंजक पुस्तकाने तर ती जगभर नेली. मात्र दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. अर्धी वस्ती पळून गेली होती. नकाशाही नंतर छापला गेला. नकाशा डोळ्यांत भरतो, म्हणून आपण तो लक्षात ठेवतो आणि स्नो दारोदार फिरला हे विसरतो.

त्याच्या १८५५ च्या आवृत्तीत मला नकाशापेक्षा अपवाद महत्त्वाचे वाटतात. पंपाजवळच्या पोलंड स्ट्रीटवर गरिबांचं आश्रयगृह होतं, ५३५ माणसांचं. आजूबाजूला घरं ओस पडत असताना तिथे पाचच दगावले. त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या दारूच्या भट्टीतल्या सत्तरएक कामगारांपैकी कुणीही मेलं नाही. ते बिअरच प्यायचे आणि भट्टीला स्वतःची विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली, कारण तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं आणि ते तिच्याकडे रोज गाडीतून जायचं. गलिच्छ वस्ती म्हणून रोग, हे त्या काळचं शहाणपण. आश्रयगृहातली माणसं लंडनमधली सर्वांत दरिद्री, आणि तीच वाचली. गरिबाच्या सवयींवर ठपका ठेवणाऱ्या सिद्धांताला याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

त्याच पुस्तकातला दुसरा भाग दक्षिण लंडनचा. एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ. एक कंपनी थेम्सचं पाणी शहराच्या घाणीखालून उचलायची, दुसरीने १८५२ साली आपली उपसा जागा वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली होती. स्नोने मोजलं : पहिलीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. भाडेकरूंना बहुधा आपल्याकडे कोणत्या कंपनीचं पाणी येतं हेही ठाऊक नसे, कारण पट्टी घरमालक भरायचा. म्हणून स्नोने पाण्यातलं मीठ तपासून कंपनी ओळखायची युक्ती काढली. खालच्या अंगाच्या पाण्यात मीठ कितीतरी पट जास्त. 'वरल्या अंगाला बघून या' हे वाक्य मी वाचत होतो, फक्त इंग्रजीत आणि आकड्यांत.

आणखी एक उतारा फारसा कुणी उद्धृत करत नाही. खाणकामगारांत कॉलरा जास्त का, याचा स्नो विचार करतो. ही माणसं आठ-नऊ तास खाणीत असतात, तिथे संडास नाही, हात धुवायला पाणी नाही, आणि जेवण बरोबर न्यावं लागतं. तो त्यांना घाणेरडे म्हणत नाही. तो सुचवतो की कामाची पाळी आठऐवजी चार तासांची करा, म्हणजे माणूस घरी जाऊन हात धुऊन जेवेल. रोगाच्या कारणमीमांसेतून थेट कामाच्या तासांवर येणारा हा डॉक्टर मला फार आवडतो. आमच्या फॉर्मात ऊसतोडीचे तास विचारलेले नव्हते.

स्नोच्या गोष्टीचा शेवट एका बाईच्या साक्षीने होतो, हेही सहसा सांगत नाहीत. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला धर्मगुरू स्नोचं म्हणणं खोडून काढायला निघाला होता. तो वस्तीतला, लोकांच्या घरात जाणारा. एकेका घरी तो अनेकदा गेला. ब्रॉड स्ट्रीटच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं मूल साथ भडकण्याच्या आधीपासून आजारी होतं, असं त्याला मृत्यूच्या नोंदीत दिसलं. आईने सांगितलं की बाळाच्या दुपट्यांचं पाणी ती घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतायची. खणून बघितलं, तर तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांवर, आणि पाझरत होता. मूल गमावलेली बाई बोलली आणि समोरच्याने तिला दोष न देता ऐकलं, म्हणून ही साखळी पुरी झाली.

या कसोटीवर सर्वांत अस्वस्थ करणारं पुस्तक म्हणजे चार्ल्स ब्रिग्ज आणि क्लारा मांतिनी-ब्रिग्ज यांचं 'स्टोरीज इन द टाइम ऑफ कॉलरा' (२००३). तो मानववंशशास्त्रज्ञ, ती व्हेनेझुएलाची डॉक्टर. १९९१ साली पेरूच्या किनाऱ्यावर कॉलरा आला आणि दक्षिण अमेरिकेत पसरला. १९९२-९३ मध्ये तो ओरिनोको नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या वाराओ या आदिवासींमध्ये शिरला आणि सुमारे पाचशे माणसं मेली. हा रोग सलाइन आणि मीठ-साखरेच्या पाण्याने सहज बरा होतो. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत हे करून दाखवलं होतं. मग वीस वर्षांनी इतकी माणसं का मरावीत? अधिकाऱ्यांचं उत्तर तयार होतं : हे लोक खेकडे खातात, त्यांची संस्कृतीच तशी. लेखकांनी या उत्तराचा जन्म शोधला आहे. आकडे, पत्रकार परिषदा, बातम्या आणि अधिकाऱ्यांच्या गप्पा यांतून एक समाज कसा 'आरोग्याला नालायक' ठरवला जातो आणि मग दवाखान्यात औषध नसणं हा गुन्हा न राहता निसर्गक्रम कसा बनतो, हे ते पानोपानी दाखवतात.

या पुस्तकाबद्दल माझी तक्रारही आहे. सिद्धांताची भाषा इतकी जड की मधूनमधून वाराओ माणसं तिच्याखाली दबतात. जिथे लेखक मागे सरतात आणि एखादा बाप आपल्या मुलांच्या मरणाची रात्र सांगतो, तिथे पुस्तक श्वास घेतं. लेखकद्वयाला हे उमगलं असावं. याच प्रदेशात २००७-०८ मध्ये मुलं अनोळखी आजाराने मरू लागली तेव्हा आईबापांच्या बरोबरीने त्यांनी शोध घेतला आणि तो आजार रेबीज असावा या निष्कर्षाला पोचले. त्यावरच्या त्यांच्या पुढच्या पुस्तकाचं नावच एका जाब विचारणाऱ्या वाक्याचं आहे : माझी मुलं का मेली ते सांगा.

हैतीची गोष्ट मात्र नीट थांबून वाचण्यासारखी आहे, कारण तिथे गाडा ढकलणाऱ्यांत संयुक्त राष्ट्रसंघ होता. १२ जानेवारी २०१० ला तिथे भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला, आणि तो राजधानीच्या भूकंपग्रस्त छावण्यांत न येता मिर्बाले या गावाजवळ, नदीकाठी आला. हैतीत निदान शतकभर हा रोग कुणी पाहिला नव्हता. मेये या खेड्यातले लोक पहिल्यापासून सांगत होते की वरच्या अंगाला शांतिसेनेचा तळ आहे आणि त्याची घाण ओढ्यात येते. तो ओढा पुढे आर्तिबोनीत या मोठ्या नदीला मिळतो. तळावर नेपाळहून नुकतीच आलेली तुकडी होती आणि काठमांडूत त्याआधी कॉलऱ्याची साथ होऊन गेली होती. जोनाथन कात्झ हा पत्रकार तिथे गेला तेव्हा त्याला गळकी नळी आणि धावपळीने चाललेली साफसफाई दिसली. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू नोव्हेंबरात आला, हैतीच्या डॉक्टरांबरोबर गावोगावच्या नोंदी लावल्या आणि खेडूतांचंच म्हणणं खरं असल्याचं दाखवलं. जंतूंच्या जनुकीय तपासणीनेही पुढे नेपाळकडेच बोट दाखवलं.

मे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या चार तज्ज्ञांचा अहवाल आला. समीक्षकाने वाचावा असा तो मजकूर आहे. मानवी मैल्यातून दक्षिण आशियाई जातीचा जंतू मेयेच्या ओढ्यात आला, हे तो मान्य करतो. मग अखेरीस म्हणतो की साथ अनेक परिस्थिती एकत्र आल्याने झाली, कुणा एका व्यक्तीचा वा गटाचा तो दोष नाही. कर्ता नसलेल्या वाक्यांचं व्याकरण इथे कामाला आलं. मैला आला, कुणी सोडला नाही. लोक ते पाणी पितात हे कारण म्हणून मोजलं जातं. पाणी पिणारा तेवढा कर्ता राहतो. २०१३ मध्ये याच तज्ज्ञांनी नव्या पुराव्यांच्या आधारे लिहिलं की शांतिसैनिक हाच बहुधा उगम. अधिकृत आकडा दहा हजारांच्या जवळ मृत्यूंचा, आजारी आठ लाखांवर. बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागायला १ डिसेंबर २०१६ उजाडला. जाहीर केलेल्या ४० कोटी डॉलरच्या मदतीपैकी फारच थोडी जमली.

राल्फ फ्रेरिक्स यांचं 'डेडली रिव्हर' (२०१६) पियारूच्या या शोधावर आहे. पुस्तक वेगवान, पुरावा भक्कम. पण त्याचा साचा गुप्तहेरकथेचा आहे आणि तो साचा आपली किंमत वसूल करतो. हेरकथेला एक बुद्धिमान नायक लागतो, मग मेयेचे लोक, ज्यांनी पहिल्या आठवड्यातच उत्तर दिलं होतं, ते खबरे होतात. तिला गुन्हेगार लागतो. तो सापडला की गोष्ट संपते. गाडा काठमांडूच्या शिवेवर नेऊन सोडण्याचा मोह तिथे होतो. तो नेपाळी शिपाई स्वतः गरीब देशाचा, पोटासाठी परदेशी गेलेला. जंतू कुणाच्या पोटात आला ते महत्त्वाचं, पण तळाचा मैला प्रक्रियेविना ओढ्याकाठी सोडण्याचा व्यवहार कुणी चालू दिला, हे त्याहून महत्त्वाचं. लेखकाचा रोख लपवाछपवीवर आहे आणि तो योग्यही आहे. तरी आर्तिबोनीतकाठच्या माणसाला नदीशिवाय दुसरं पाणी का नव्हतं, यावर पुस्तकात हवी तेवढी पानं नाहीत. त्याच महिन्यांत खुद्द हैतीत व्होडू पंथाच्या चाळीसच्या वर माणसांना, तेच कॉलरा पसरवतात या समजुतीने, जमावाने मारलं. गाडा ढकलायला मोठी संस्थाच लागते असं नाही.

हैतीवरचं माझ्या मनात घर करून राहिलेलं लेखन मात्र पुस्तक नाही, काही पानांचा वैद्यकीय लेख आहे. लुईझ आयव्हर्स आणि डेव्हिड वॉल्टन या डॉक्टरांनी २०१२ मध्ये हैतीतल्या 'पहिल्या' रोग्याचा माग काढला. मिर्बालेचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. मानसिक आजार होता, गावात वेडा म्हणून ओळख. घरच्यांकडे शुद्ध केलेलं पाणी होतं, पण हा रोज नदीवर जायचा, तिथेच अंघोळ करायचा, तिथलंच पाणी प्यायचा. १२ ऑक्टोबरला ढाळ सुरू झाले आणि चोवीस तासांच्या आत तो मेला. प्रेताला अंघोळ घालणारे दोघे नंतर आजारी पडले. लेखकांनी 'पहिला' हा शब्द अवतरणात टाकला आहे. आपण शोधू शकलो तो पहिला, एवढाच त्यांचा दावा. आणि ते विचारतात की या माणसाला मानसोपचार मिळाले असते तर? कॉलऱ्याच्या शोधात निघालेला लेख गावच्या वेड्यापाशी थांबतो आणि त्याच्याकडे रोगाचा वाहक म्हणून न बघता, ज्याला कुणीच काही दिलं नाही असा माणूस म्हणून बघतो. इतक्या थोड्या पानांत हे साधणं सोपं नाही.

जाता जाता एका छोट्या अभ्यासाचा उल्लेख करायचा मोह आवरत नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना पाणी जुन्या साडीची चौपदरी घडी करून गाळायला सांगितलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवंगांना चिकटून राहतात, ते त्या घडीत अडकतात. कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. नवी साडी चालत नाही. धुऊन धुऊन धागा फुगलेली जुनीच लागते. नळाला फडकं बांधणाऱ्या आपल्या आज्या-आत्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. या अभ्यासकांनी सुरुवात लोकांच्या घरात जे होतं तिथून केली.

त्या शिबिराच्या गावी मी तीन वर्षांपूर्वी गेलो होतो. पाट तसाच आहे. कोप्यांची जागा आता किंचित वर सरकली आहे, पाचटाऐवजी निळं प्लास्टिक आलं आहे. पाटाच्या कडेने वर चालत गेलो. अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर एक जुना सिमेंटचा पाइप पाटात उघडतो. कोरडा होता. तो तेव्हाही होता का, असं रानातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "व्हता की. कारखान्याच्या चाळीचं पाणी यायचं त्यातनं. तुमी कोन, सर्व्हेवाले का?"